डोण

अक्कोळ रस्त्याच्या वळणावर
मिरजे शेठची तंबाखूची वखार, एवढंच मला माहीत.
तिथं आधी प्रार्थनामंदिर होतं हे
पाळक तीमथ्य घोलप पाटी रंगवून घ्यायला आले
तेव्हा कळलं.
आई म्हणाली, व्हय की, मला ठावं हुतं.
आत्तापतूर कुणी इच्यारलं न्हाई.

तिनं तिथं एकवीस वर्षं पानं निवडली.
पूर्वेच्या भिंतीत कमानीची खिडकी, विटांनी बुजवलेली;
तिच्याखाली तिची जागा.
सकाळी एका सुटलेल्या विटेतून
रुपयाएवढा उजेड आत यायचा,
तिच्या मांडीवरून सरकत
दगडी डोणीपाशी पोचला
की चहाची सुट्टी.
डोणीत पाणी. पानं कडकडीत झाली, चुरा व्हायला लागली
की हातानं शिंपडायचं,
डावीकडून उजवीकडं.

गोकाकहून लगमाप्पा गवंडी आला.
चुन्यात गूळ घातला, बेलफळाचं पाणी घातलं,
सात दिवस मळत ठेवला.
सिमेंटचा गिलावा खरवडला तर
खालून निघाला निळा रंग
आणि निळ्यावर कोळशानं मांडलेले
पोत्यांचे आकडे.
पाळक म्हणाले, पुसा.
लगमाप्पा म्हणाला, इरली बिडी.
पाळक नगरकडचे.
त्यांनी बिडी आणायला पोरगं पिटाळलं.
राहू द्या म्हणतोय तो, असं कुणी सांगेपर्यंत
बंडल आलंही होतं.
आकडे राहिले.

घंटा चार नंबरच्या शाळेत गेली होती, कधीकाळी.
पाळक मागायला गेले,
शाळा सुटेपर्यंत फाटकाशी उभे राहिले,
पोरं तिच्या ठोक्यावर कशी उधळतात ते बघितलं
आणि न मागताच परत आले.
आता तराजूच्या आकड्याला
वीस किलोचं वजन टांगलंय.
वाजत नाही ते. नुसतं धडकतं.

पाटीवर वर कानडी, खाली मराठी.
कमिटीचे दोन रविवार त्यातच गेले.
मी कुणाच्या बाजूनं बोललो नाही,
माझा दर अक्षरावर असतो.
पण ब्रशला जे कळतं ते कळतं:
कानडी अक्षर आपलं छप्पर
आपल्याच डोक्यावर घेऊन बसतं,
मराठी सगळी एका ओळीला लोंबतात,
काम सुटल्यावर तारेवर वाळत घातलेल्या
नाकाला बांधायच्या फडक्यांसारखी.
दोन्हींना एकाच डब्यातला रंग लागला.

वास मात्र गेला नाही.
कडुनिंबाचा धूर केला, फरशी तीनदा धुतली.
पहिल्या भक्तीला, दुसऱ्याच कडव्यात
अर्धी मंडळी शिंकली.
पेटीवाला तालात शिंकला.

डोण कुणी हलवू शकलं नाही, म्हणून तिथंच ठेवली.
घासून घासून आतली तपकिरी रेघ फिकी झाली,
पुसली गेली नाही.
आईच्या जोडीला बसायची त्या रूथबाई आवळेची नात, हन्ना,
हिचा बाप्तिस्मा त्या डोणीत ठरला.
आईला आमंत्रण.

तिनं दारातच चपला काढल्या.
मंडळी चपलांसकट बसली होती.
मी हळूच म्हटलं, इथं चालतं.
म्हणाली, पानावर पाय द्याचा नसतुया.
तेव्हाही काढायचो.

पाळकांनी ओंजळभर पाणी हन्नाच्या टाळूवर सोडलं.
ती रडली नाही,
वर टांगलेल्या वजनाकडं बघत राहिली.
मग सगळे फोटोला बाहेर गेले.

आई मागं राहिली.
डोणीत हात बुडवला
आणि रिकाम्या फरशीवर पाणी शिंपडलं,
डावीकडून उजवीकडं,
निम्म्यात तिचं तिलाच कळलं, थांबली.
विटा काढल्यापासून खिडकी अख्खी उघडी.
उजेड आता चटईएवढा,
निळ्या भिंतीवरून, आकड्यांवरून उतरून
सरकत डोणीला टेकला होता.

तिनं पदराला हात पुसले.
चल, म्हणाली,
च्या घ्याची येळ झाली.